कुठल्या अक्षरावर?

मागच्या शनिवारी आजीच्या घरचा माळा आवरायला गेलो होतो. (खरं तर मला नेण्यात आलं होतं. आजीचा फोन आला की आमच्या घरात नाही म्हणायचा अधिकार कोणालाच नाही.) माळ्यावर काय नसतं? पितळी बंब, वीस वर्षांचे दिवाळी अंक, न चालणारा मिक्सर, आणि एक हँडल तुटलेली सूटकेस. त्या सूटकेसमध्ये निळी प्लॅस्टिकची फाइल निघाली. वर मावशीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: "व्हिसा - सगळं".

सगळं म्हणजे खरंच सगळं. लग्नाच्या दाखल्याच्या सहा प्रती. लग्नपत्रिका आणि तिला टाचलेलं टाइप केलेलं इंग्रजी भाषांतर. काकांच्या पगाराच्या स्लिपा, त्यांच्या कंपनीचं पत्र, बँकेचं पत्र. आणि लग्नाचे चोवीस फोटो, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं: "अंतरपाट", "सप्तपदी", "मुलाचे आईवडील", "पंगत - डावीकडे मामा". हा अल्बम घरच्यांसाठी नव्हता. ब्रीच कँडीच्या काचेपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला हे लग्न खरं आहे हे पटावं म्हणून होता.

मावशीचं लग्न डिसेंबर २००१ मधलं. काका ऑक्टोबरमध्ये एच-१बीवर अमेरिकेत गेलेले, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले, लग्न झालं, परत गेले. मावशी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, भोसरीच्या एका कंपनीत चांगली नोकरी करत होती. जानेवारी २००२ मध्ये तिने ती सोडली आणि एच-४वर गेली. त्यानंतरचा तिचा पहिला पगार २०१५ सालचा. मधली तेरा वर्षं.

हे आत्ता का आठवतंय? कारण ऑफिसात मला अमेरिकेतल्या टीमबद्दल विचारणा झालीये. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लादलं गेलं, तेव्हापासून आमच्याकडे एचचं नाव कोणी काढत नाही. माझ्यासाठी चर्चा आहे ती एल-१ची. आमच्या लग्नाला वर्ष झालंय, बायको स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि आत्ता कुठे तिला स्वतःचा म्हणावा असा प्रोजेक्ट मिळालाय. ही बातमी मावशीला फोनवर सांगितली तर अभिनंदन राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला: "कुठल्या अक्षरावर?"

तर या अक्षरांचा इतिहास काय, हा किडा डोक्यात वळवळायला लागला आणि दोन विकांत त्यात गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय. कंटाळा आला तर शेवटच्या भागावर उडी मारा, माझी हरकत नाही.



सुरुवात पार १८७५ पासून करावी लागते. त्या वर्षी अमेरिकेत पेज अ‍ॅक्ट नावाचा कायदा झाला. कागदावर त्याचा उद्देश होता वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या बायकांना रोखणं. व्यवहारात हाँगकाँगमधला अमेरिकन वकील, म्हणजे कॉन्सुल, जहाजात चढणाऱ्या प्रत्येक चिनी बाईची चौकशी करू लागला. तू कोण, कोणाकडे चाललीस, तुझं चारित्र्य कसं? खरोखरच्या बायकाही या चौकशीला घाबरून किंवा तिच्यात अडकून मागे राहिल्या. पुढे १८८२ मध्ये चिनी मजुरांनाच बंदी झाली. पण नवऱ्याकडे जाणाऱ्या बाईने आधी एका परक्या अधिकाऱ्यापुढे स्वतःला सिद्ध करायचं, ही प्रथा त्याच्याही सात वर्षं आधीची. मावशीच्या चोवीस फोटोंचं मूळ मला तिथे दिसतं.

बंदी मजुरांना होती, व्यापाऱ्यांना नव्हती. कारण १८८० च्या तहात चिनी व्यापाऱ्यांना येण्याची मुभा दिलेली होती. मग व्यापाऱ्याच्या बायकोचं काय? तिच्याबद्दल कायद्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. हा प्रश्न मिसेस ग्यू लिम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०० साली निकाल लागला: नवऱ्याला राहायचा हक्क आहे, तर बायकोला वेगळं प्रमाणपत्र मागणं गैर आहे. तिचा हक्क त्याच्या हक्कातून येतो.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. आजच्या सगळ्या डिपेंडंट व्हिसांचा पाया हाच आहे. तिचा हक्क त्याच्यातून येतो. तेव्हा हा निकाल उदार होता, बाईला दार उघडून देणारा होता. पण दार उघडणाऱ्याच्याच हातात किल्ली राहिली हेही तितकंच खरं.

या तर्काने एक भन्नाट विचित्र गोष्टही घडली. १९२४ च्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशा सगळ्यांनाच बंदी घातली, आणि आशियाई लोकांना नागरिक होता येत नव्हतं. त्यावरचे दोन खटले सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९२५ ला, एकाच दिवशी निकाली काढले. एकात चिनी व्यापाऱ्यांच्या बायका होत्या. तहाच्या जोरावर त्यांना आत सोडलं. दुसऱ्यात अमेरिकेचे नागरिक असलेल्या चिनी माणसांच्या बायका होत्या. त्यांना तहाचं संरक्षण नव्हतं, त्यांना नाकारलं. म्हणजे परदेशी व्यापाऱ्याला बायको आणता येते आणि देशाच्या नागरिकाला येत नाही! १९३० मध्ये यात थोडी दुरुस्ती झाली, तीही फक्त १९२४ च्या कायद्याआधी लग्न झालेल्यांसाठी.

ज्यांना आत सोडलं जाई त्यांची उलटतपासणीही जबरदस्त असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे, १९१० ते १९४० तिथे तपासणी नाका होता. गावातल्या घराला पायऱ्या किती, तांदळाचा रांजण कुठे ठेवता, शेजारी कोण राहतं, असे शेकडो प्रश्न नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारायचे आणि उत्तरं जुळवायची. आपल्याकडे एच-४च्या मुलाखतीला जाताना "लग्नाला किती लोक होते रे? एकच आकडा सांगू" म्हणून नवराबायको उजळणी करतात. परंपरा जुनी आहे, एवढंच.

जपानी लोकांची गोष्ट आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. १९०७-०८ च्या समझोत्यात जपानने मजुरांना पासपोर्ट न द्यायचं कबूल केलं, पण आधीच गेलेल्यांच्या कुटुंबीयांना जाता येत होतं. मग काय, फोटो पाठवून लग्नं जुळायला लागली. मुलगी जपानमध्ये, मुलगा कॅलिफोर्नियात, लग्न कागदावर, आणि पहिली भेट थेट धक्क्यावर हातात फोटो घेऊन. फोटोतला तरुण समोर आल्यावर दहा वर्षांनी मोठा निघाला अशाही कहाण्या आहेत. यावर तिथे इतका गदारोळ झाला की १९२० मध्ये जपानने अशा वधूंना पासपोर्ट देणंच थांबवलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे तीन आठवड्यांच्या सुट्टीत सतरा मुली बघून लग्न उरकणारे कमी नव्हते, तेव्हा हसायचं काम नाही.



आता आपल्या लोकांकडे येऊ.

मराठी माणसाला इथे पहिलं नाव आठवणार ते आनंदीबाई जोशींचं, आणि त्यांचं प्रकरण बरोबर उलटं आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून एकट्या निघाल्या, फिलाडेल्फियाला वैद्यकीय शिकल्या. टपाल खात्यात कारकून असलेले गोपाळराव मागाहून पोचले, मार्च १८८६ मध्ये बायकोला पदवी मिळताना बघायला. आजच्या भाषेत बोलायचं तर आनंदीबाई मुख्य अर्जदार आणि गोपाळराव डिपेंडंट :) फक्त तेव्हा ना व्हिसा होता ना अर्ज. जहाजाचं भाडं आणि लोकांच्या शिव्या सोसायची तयारी, एवढंच लागत होतं.

वीस-पंचवीस वर्षांत चित्र पालटलं. पंजाबातून काही हजार माणसं कॅनडा आणि कॅलिफोर्नियात पोचली, लाकूड गिरण्यांत आणि शेतांवर राबू लागली. जवळजवळ सगळे पुरुष. कॅनडाने १९०८ मध्ये "सलग प्रवास करून आलात तरच आत" असा नियम केला, आणि हिंदुस्थानातून सलग येणारं जहाज व्यवहारात नव्हतंच. जानेवारी १९१२ मध्ये भाग सिंग आणि बलवंत सिंग हे व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे दोन पुढारी बायकामुलांना घेऊन परतले. या दोघांना आत घेतलं, कुटुंबांना परत पाठवायचा हुकूम निघाला. खूप आरडाओरड झाल्यावर राहू दिलं, पण "कृपा म्हणून", इतरांनी याचा दाखला देऊ नये या बोलीवर. बाकीच्यांना बायकामुलं आणायला परवानगी मिळेपर्यंत १९१९ उजाडलं.

अमेरिकेत तर १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा पट्टाच बंद केला. गावाकडे बायको असलेल्यांना ती आणता येईना, परत भेटायला गेलं तर पुन्हा आत येता येईना. बरेच जण तसेच म्हातारे झाले. काहींनी इम्पीरियल व्हॅलीत मेक्सिकन वंशाच्या बायकांशी लग्नं केली; घरात रोटीही आणि तोर्तियाही, मुलांची नावं अर्धी स्पॅनिश अर्धी पंजाबी. कॅरन लेनर्ड यांनी या कुटुंबांवर अख्खं पुस्तक लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा.

आणि ज्यांना कुटुंब आणता आलं त्यांचं? वैष्णो दास बागाई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन एंजल आयलंडला उतरले. पैसेवाले होते, सोबत २५ हजार डॉलर होते. बर्कलीत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी ते बंद करून त्यांना आत शिरू दिलं नाही. १९२१ मध्ये नागरिकत्व मिळालं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्याचा निकाल लागला, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असं ठरलं आणि बागाईंचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलांना एकटीने वाढवलं आणि तिथेच राहिल्या. २०२० मध्ये त्याच बर्कली शहराने एका रस्त्याला कला बागाई यांचं नाव द्यायचं ठरवलं.

१९४६ मध्ये लूस-सेलर कायद्याने हिंदुस्थानी लोकांना नागरिक होता येऊ लागलं. कोटा किती? वर्षाला १००. आमच्या कंपनीच्या एका मजल्यावर याहून जास्त लोक बसतात.



आता अक्षरांचा जन्म. १९५२ च्या कायद्यात तात्पुरत्या येणाऱ्या परदेशी लोकांसाठी इंग्रजी अक्षरांची यादी आली आणि त्यातलं एच हे कामगारांच्या वाट्याला गेलं. एच-१ म्हणजे विशेष गुणवत्तेची माणसं, एच-२ इतर कामगार, एच-३ प्रशिक्षणार्थी. कुटुंबासाठी एचमध्ये आकडाच नव्हता. तो आला ७ एप्रिल १९७० च्या कायद्याने. त्यात एका फटक्यात तीन गोष्टी झाल्या: लग्न ठरलेल्यांसाठी के, कंपनीच्या आतल्या बदलीसाठी एल, आणि एचवाल्यांच्या जोडीदारांना व अल्पवयीन मुलांना सोबत किंवा मागाहून येण्याची सोय. तीच एच-४. म्हणजे माझं एल-१ आणि मावशीचं एच-४ एकाच कायद्याची भावंडं आहेत हे मला परवाच कळलं.

पण गंमत अशी की सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना या एच-४शी फारसं देणंघेणं नव्हतं. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा मोडला आणि शिकलेल्या माणसाला थेट ग्रीन कार्ड मिळायला लागलं. बायकोलाही त्याच्याबरोबर ग्रीन कार्ड. उतरल्या दिवसापासून ती बँकेत, इस्पितळात, प्रयोगशाळेत, कुठेही नोकरी करू शकत होती. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं करणारी जी पिढी होती त्या पिढीतल्या काकूंना विचारून बघा, "तुम्हाला कामाचा परवाना कधी मिळाला?" त्यांना प्रश्नच कळणार नाही. वीस-तीस वर्षांनी त्याच गावात, त्याच मंडळाच्या गणपतीत, त्याच पदवीची दुसरी बाई मोदक वळत होती आणि तिला सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नव्हता. पुढच्या पिढीला मागच्या पिढीपेक्षा कमी मिळालं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

हे झालं कसं? १९९० च्या कायद्याने आजची एच-१बी घडवली. पदवी हवी, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा, जास्तीत जास्त सहा वर्षं, आणि या काळात ग्रीन कार्डची इच्छा बाळगली तरी चालेल. त्याच कायद्यात ग्रीन कार्डासाठी एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा राहिली. मग आलं वायटूके, आलं डॉटकॉम. २००१ ते २००३ या वर्षांसाठी एच-१बीची मर्यादा वाढवून १ लाख ९५ हजार केली. पुढचं दार ६५ हजारांवरून १ लाख ९५ हजार, मागचं दार तेवढंच. क्यू ओव्हरफ्लो होणार हे सांगायला कॉम्प्युटर सायन्सची पदवी लागत नाही. ऑक्टोबर २००० च्या कायद्याने, ग्रीन कार्डची फाइल रांगेत असेल तर सहा वर्षांपुढेही एच वाढवून मिळेल अशी सोय केली. नवऱ्यासाठी मोठाच दिलासा होता तो. पण त्यामुळे सहा वर्षांचं तात्पुरतं राहणं बारा-पंधरा वर्षांचं झालं आणि बायकोची "तात्पुरती" बेकारीही तेवढीच लांबली.

आता जी गोष्ट मला सर्वात जास्त चटका लावून गेली ती. १६ जानेवारी २००२ ला बुश साहेबांनी एका छोट्या कायद्यावर सही केली: एल-१वर आलेल्यांच्या जोडीदारांना काम करता येईल. एचचा त्यात उल्लेख नाही. आणि माळ्यावरच्या फाइलमध्ये मावशीच्या मुलाखतीचा महिना कुठला? जानेवारी २००२. रात्रीची गाडी पकडून ती आणि आजोबा पुण्याहून मुंबईला गेले, पहाटे भुलाभाई देसाई रोडवर लिंकन हाऊसच्या भिंतीला लागून फुटपाथवर उभे राहिले. (हे पूर्वी वांकानेरच्या महाराजांचं घर होतं. वकिलात २०११ मध्ये तिथून बीकेसीला गेली.) बाहेर छत्र्या आणि बाकडी भाड्याने देणारे, फोटो बरोबर मापाचा नाही म्हणून जागच्या जागी काढून देणारे, पाण्याच्या बाटल्या विकणारे. आत मुलाखत चार मिनिटांची. अधिकाऱ्याने फोटोंपैकी एकही बघितला नाही म्हणे. आजोबांना त्याचंच वाईट वाटलं होतं :)

मावशी सांगते, न्यू जर्सीत तिच्या वरच्या मजल्यावर हैदराबादची एक मुलगी राहायची. तीही इंजिनिअर, तिचाही नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पण तो एलवर. ती सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघायची आणि मावशी तिला खिडकीतून हात करायची. "मला वाटायचं हिने काहीतरी जास्त केलंय," मावशी म्हणाली. "नंतर कळलं, तिच्या नवऱ्याचं अक्षर वेगळं आहे."

अक्षराचे असले खेळ लग्न जुळवतानाही चालायचे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर लग्न केलं तर बायकोला आणायला रांगेत कैक वर्षं. तेच एच-१बीवर असताना केलं तर बायको दीड महिन्यात तिकडे. म्हणजे ज्याचं राहणं पक्कं त्याला एकटं राहावं लागे आणि ज्याचं कच्चं त्याचा संसार चालू! डिसेंबर २००० मध्ये अशा अडकलेल्यांसाठी व्ही नावाचा व्हिसा काढला, पण २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज केलेल्यांपुरताच. त्यामुळे "कार्ड यायच्या आत उरकून घ्या" हा सल्ला पत्रिका बघणारे गुरुजीही द्यायला लागले होते.

आणि नावांचा घोळ! लग्नात तांदळात नाव लिहायची आपली हौस. बायकोचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी स्वतःचं नावही. पदवीवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी, लग्नाच्या दाखल्यावर तिसरी. तिघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र मावशीच्या फाइलमध्ये आहे, शंभराच्या नव्हे, वीसच्या स्टँप पेपरवर.



पुढचं भराभर सांगतो. जुलै २००४ पासून अमेरिकेतल्या अमेरिकेत व्हिसाचा शिक्का नवा करून मिळणं बंद झालं, त्यामुळे भारतात येणं म्हणजे परत जाता येईल की नाही हा जुगार झाला. (जानेवारी २०२४ मध्ये २० हजार जणांपुरता प्रयोग म्हणून ते परत सुरू केलं, फक्त एच-१बीवाल्यांसाठी. एच-४ला त्यातही जागा नव्हती.) मावशीने २००५ च्या सुमारास स्वतःची एच-१बी मिळवायचा प्रयत्न केला. पण तेव्हा एच-४वर काढलेली वर्षंही सहा वर्षांच्या हिशोबात धरत. दीड-दोन वर्षांसाठी कोण कंपनी कागद करणार? डिसेंबर २००६ मध्ये हा हिशोब बदलला. खूश होऊन तिने एप्रिल २००७ साठी तयारी केली, तर त्या वर्षी पहिल्या दोन दिवसांत १ लाख २० हजारांहून जास्त अर्ज आले आणि लॉटरी काढावी लागली. नंबर लागला नाही.

जुलै २००७ आठवतोय का कोणाला? ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्याचे अर्ज सगळ्यांना खुले झाल्याचं जाहीर झालं. तो अर्ज आत गेला की बायकोलाही कामाचा परवाना मिळतो. २ जुलैला ते अचानक मागे घेतलं. मग आपल्या लोकांनी काय केलं? 'लगे रहो मुन्नाभाई' नुकताच येऊन गेला होता. त्यांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलं पाठवली, गांधीगिरी म्हणून. साहेबांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या इस्पितळात पोचवली. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि एक महिना अर्ज घेतले. कितीतरी संसार त्या महिन्यात मार्गी लागले. काकांचं लेबर सर्टिफिकेट त्या महिन्यात मंजूर झालेलं नव्हतं. ते सप्टेंबरमध्ये आलं.

मधल्या वर्षांत मावशीने रविवारची मराठी शाळा चालवली, मुलाला वाढवलं, लायब्ररीत फुकट काम केलं. "नवऱ्याने कधी एका शब्दाने दुखवलं नाही," ती म्हणते. "पण स्वतःच्या आईला वाढदिवसाला साडी घेतानाही मला विचारावंसं वाटायचं, हेच फार लागायचं." काका चांगले होते म्हणून इतकंच. ज्यांचे नवरे चांगले नव्हते त्यांच्यासाठी, मार खाणाऱ्या एच-४ बायकांना कामाचा परवाना देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यात झाली होती. ती प्रत्यक्षात अमलात यायला २०१७ उजाडलं. बारा वर्षं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

२६ मे २०१५ ला एच-४वाल्यांना काम करण्याची परवानगी देणारा नियम लागू झाला. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापुढे गेला असेल तरच. पहिल्या वर्षी १ लाख ७९ हजार ६०० जण पात्र ठरतील असा सरकारचा अंदाज होता. इथे इंजिनिअर मंडळींना आवडेल अशी मेख आहे. एलच्या जोडीदारांचा हक्क खुद्द कायद्यात लिहिलेला आहे. एच-४ला काम करू न देणं हे कायद्यात नव्हतंच, ते खात्याच्या नियमात होतं. म्हणजे एल हार्डकोडेड आणि एच-४ कॉन्फिग फाइलमध्ये. कॉन्फिग एका सरकारने बदलली तशी दुसरं सरकार परत बदलू शकतं. कॅलिफोर्नियात नोकरी गेलेल्या आयटीवाल्यांच्या संघटनेने नियम लागू होण्याआधीच दावा ठोकला होता. त्यांच्या जागी बाहेरची माणसं आणली होती, त्यांचा राग मला समजतो, फक्त तो चुकीच्या माणसांवर निघाला असं वाटतं. २०१७ नंतर तिथलं सरकारच हा नियम रद्द करू म्हणत होतं, तो प्रस्ताव २०२१ च्या जानेवारीत मागे घेतला. खटला मात्र चालूच राहिला. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम वैध ठरवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

मावशीला परवाना मिळाला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. भोसरीत ती सर्किट डिझाइन करायची. तिकडे एका विमा कंपनीत डेटा तपासायच्या कामापासून सुरुवात केली, बावीस वर्षांच्या मुलीच्या हाताखाली. ग्रीन कार्ड २०१८ मध्ये आलं.



आता आमचं. एल-१वर गेलो तर बायको पहिल्या दिवसापासून काम करू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खटल्यात तडजोड झाल्यापासून एलच्या जोडीदाराला वेगळ्या परवान्याचीही वाट बघावी लागत नाही. पण मला कंपनी बदलता येत नाही. ही नोकरी गेली तर दोघांचंही राहणं गेलं. एच असता तर मी नोकरी बदलू शकलो असतो आणि ती घरी बसली असती. मी हे सगळं फळ्यावर दोन रकाने करून बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बेडी एकच आहे, कोणाच्या पायात घालायची ते विचारतायत." मग म्हणाली, एलवर असेल तर येते, नाहीतर तू जा आणि मी इथला पूल पूर्ण करते. तिचा प्रोजेक्ट म्हणजे एक उड्डाणपूल आहे.

ऑफिसला एल चालेल असं कळवलंय. परवा कागद काढायला बसलो तर आमच्या लग्नाच्या दाखल्यावर तिच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं. अर्ज मीच भरला होता, त्यामुळे कोणावर ओरडायची सोय नाही. भटजी आणि तीन साक्षीदारांपैकी एक सध्या ऑस्ट्रेलियात आहे. (साक्षीदार, भटजी नव्हे.) सोमवारी अर्धी सुट्टी टाकलीये.

रात्री मावशीला फोन करून सांगितलं तर तिने लगेच सूचना द्यायला सुरुवात केली. फोटो मागच्या बाजूला लिहून ने. नावाचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव. आणि तिकडे उतरल्यावर घरी पोचायच्या आधी, विमानतळावरून बाहेर पडायच्याही आधी, तिचा आय-९४ उघडून बघा. एल-२ नंतर एस लिहिलेलं हवं. ते एस म्हणजे जोडीदार, त्याच्यावर नोकरी मिळते. नसेल तर तिथेच विचारा. "लाज वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली, "आणि तिलाच विचारू दे."

निळी फाइल आजीने परत माळ्यावर ठेवू दिली नाही. ती आता आमच्या घरी आहे.